मामाचं नाटक आणि दुकानातला पेनड्राइव्ह

प्रश्न

माझं कुडाळ तालुक्यात मोबाइलचं छोटं दुकान आहे. रिचार्ज, कव्हर, बारीकसारीक दुरुस्ती आणि पेनड्राइव्ह, मेमरी कार्ड भरून देणं. नवे सिनेमे टेलिग्रामवरून उतरवतो, दशावताराची नाटकं आणि डबलबारीची (दोन बुवांच्या जुगलबंदीची) भजनं यूट्यूबवरून. ट्रॉलरवर जाणारे, टेम्पोवाले, मे महिन्यात येणारे चाकरमानी, सगळे नेतात. माझा मामा एका दशावतारी कंपनीत राजपार्ट, म्हणजे राजाची भूमिका करतो. मध्यंतरी तो दुकानात बसलेला असताना एकाने त्याचंच नाटक भरून नेलं. गिऱ्हाईक गेल्यावर मामा म्हणाला, "लाखान लोकांनी बघल्यानी म्हणतत, पण माका काय गावला?" मला उत्तर देता आलं नाही. माझे तीन प्रश्न आहेत. मी करतो ते इतकं वाईट आहे का? सिनेमे तर मोठ्या कंपन्यांचे असतात. दुसरं, मी उद्यापासून ओटीटी आणि गाण्यांच्या ॲपची वर्गणी भरली, तर तो पैसा कलाकाराला पोचतो का? आणि तिसरं, मामाने काय करावं?

— एक भाचा, सिंधुदुर्ग

उत्तर

पेनड्राइव्ह भरून देणं बंद करा. हे आधी सांगते, कारण तुमच्या बाकीच्या प्रश्नांना दोन-दोन बाजू आहेत, याला नाही. घरी बसून कुणी टेलिग्रामवर सिनेमा पाहणं आणि तुम्ही तो पैसे घेऊन दुसऱ्याच्या हातात देणं, यांत फरक आहे. पहिलंही चूकच, पण दुसरा धंदा झाला. १९५७ च्या कॉपीराइट कायद्याच्या कलम ६३ मध्ये जाणूनबुजून हक्कभंग करणाऱ्याला ६ महिने ते ३ वर्षं कैद आणि ५० हजार ते २ लाख रुपये दंड सांगितला आहे. नफ्यासाठी केलं नसेल तर न्यायालय शिक्षा कमी करू शकतं, पण तुम्ही गल्ल्यात पैसे घेता, म्हणून ती वाट तुम्हाला नाही. २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने हा गुन्हा दखलपात्र आणि अजामीनपात्र आहे असं स्पष्ट केलं. थिएटरात मोबाइल धरून सिनेमा उतरवणाऱ्यांसाठी तर २०२३ साली सिनेमॅटोग्राफ कायद्यातच वेगळी कलमं घातली गेली. तुमच्याकडे येणाऱ्या नव्या सिनेमांपैकी कितीतरी असेच कुणीतरी थिएटरात चोरून उतरवलेले असतात, हे चित्र पाहून तुम्हालाही कळत असेल.

पण पोलिसांच्या भीतीने तुम्ही थांबावं असं मला वाटत नाही. मोठ्या कंपन्यांचं काय जातंय, हा तुमचा प्रश्न खरा आहे आणि तो तुम्ही एकटे विचारत नाही. ज्याला गावात बसून सिनेमा पाहायला जवळ थिएटर नाही, त्याच्या मनात तो येणारच. तरीही उत्तर सांगते.

सिनेमातल्या बहुतेक लोकांना पैसे आधीच मिळून गेलेले असतात. गीतकार, ध्वनिमुद्रण करणारा, कपडेपट सांभाळणारा, कुणाचंही मानधन तुमच्या पेनड्राइव्हमुळे आज कापलं जात नाही. कापलं जातं ते पुढच्या सिनेमाचं. मराठी सिनेमा काढणारे अनेक जण मोठ्या कंपन्या नव्हेतच. घर, जमीन गहाण ठेवून काढणारेही त्यांत आहेत. पहिल्या आठवड्यात थिएटरात माणसं आली नाहीत की शो उतरतात, शो उतरले की ओटीटीवाले भाव पाडतात, आणि पुढच्या सिनेमाला पैसा उभा राहत नाही. तुमच्या दुकानातून गेलेली एक प्रत हे सगळं करत नाही. गावोगावच्या सगळ्या दुकानांतून गेलेल्या प्रती मिळून करतात.

यात गीतकार आणि संगीतकारांची गोष्ट थोडी सविस्तर सांगते, कारण ती कळली की मामाच्या प्रश्नाचं उत्तर अर्धं सापडेल.

आपल्याकडे कितीतरी वर्षं गीतकाराकडून एकाच कागदावर सही घेऊन सगळे हक्क काढून घेतले जायचे. एकरकमी पैसे घ्या आणि विषय संपवा. नंतर ते गाणं घराघरात वाजो, लग्नांत वाजो, फोनच्या रिंगटोनला लागो, लिहिणाऱ्याला त्यातलं काही नाही. राज्यसभेत जावेद अख्तर यांनी हा विषय लावून धरला आणि २०१२ च्या मे महिन्यात संसदेने कायदा दुरुस्त केला. आता सिनेमा थिएटरात दाखवण्यापलीकडे जिथे कुठे ते गाणं वापरलं जाईल, तिथली रॉयल्टी गीतकार आणि संगीतकार यांना मिळालीच पाहिजे. तो हक्क त्यांना सोडून देताच येत नाही. सोडला असं लिहून दिलं तरी ते लिहिणं कायद्यापुढे टिकत नाही. ही रॉयल्टी गोळा करून वाटणारी आयपीआरएस ही संस्था १९६९ पासून आहे, आणि नव्या कायद्याखाली तिची नोंदणी २०१७ मध्ये झाली. म्हणजे कायदा झाल्यावरही पाच वर्षं गेली. तरी आज एखाद्या कवीचं गाणं रीतसर ॲपवर वाजलं, तर त्यातला काही पैसा त्या वाटेने त्याच्याकडे जाऊ शकतो. टेलिग्रामवरून उतरवलेल्या गाण्यातून तो कधीच जात नाही, कितीही वेळा वाजवा.

मग वर्गणी भरली की झालं का? नाही. गाण्यांच्या बहुतेक ॲपवर तुमची वर्गणी तुम्ही ऐकलेल्या गायकाला जात नाही. रापण, म्हणजे किनाऱ्यावरून सगळ्यांनी मिळून ओढायचं मोठं जाळं, ओढून झाली की मासळी एकत्र पडते आणि मग वाटे घातले जातात, तसा इथेही महिन्याचा सगळा पैसा एका ठिकाणी येतो. कंपनी आपला वाटा आधी काढते. उरलेला पैसा त्या महिन्यात कोणाची गाणी एकूण किती वेळा वाजली, त्या प्रमाणात वाटला जातो. तुम्ही महिनाभर फक्त मालवणी भजनं ऐकलीत, तरी तुमच्या वर्गणीचा मोठा भाग ज्यांची गाणी देशभर सर्वांत जास्त वाजली त्यांच्याकडे जातो. रापणीत दोराला हात लावणाऱ्या प्रत्येकाचा वाटा असतो. इथे तसंही नाही. २०२४ पासून स्पॉटिफायने नियम केला की बारा महिन्यांत १००० वेळा न वाजलेल्या गाण्याला काहीच द्यायचं नाही. गावातल्या एखाद्या बुवाने हौसेने आपला गजर तिथे चढवला असेल, तर त्याचं गाणं या नियमात सापडण्याची शक्यता खूप आहे. मला हा नियम अन्यायाचा वाटतो.

ओटीटीची तऱ्हा आणखी वेगळी. तिथे निर्मात्याला बहुधा ठरलेली रक्कम मिळते. किती लोकांनी पाहिलं याचा हिशेब नटाला, लेखकाला सहसा दाखवलाही जात नाही. २०२३ मध्ये हॉलिवूडचे लेखक १४८ दिवस संपावर गेले, त्यामागच्या मोठ्या मुद्द्यांपैकी हा एक होता. आपल्याकडे तेवढी ताकद असलेली संघटना नाही.

हे सगळं असूनही वर्गणी भरा, असंच मी सांगेन. रीतसर पैसा थोडा का होईना, फिरतो, आणि त्याची नोंद राहते. नोंद असली तर उद्या कुणीतरी हक्काने वाटा मागू शकतो. चोरीच्या प्रतीची नोंदच नसते, त्यामुळे मागायलाही जागा नसते. सगळ्या वर्गण्या बारा महिने चालू ठेवायची गरज नाही. एक घ्या, महिनाभर पाहायचं ते पाहा, बंद करा, दुसरी घ्या. २०२१ च्या डिसेंबरात नेटफ्लिक्सने मोबाइलवरचा प्लॅन १९९ वरून १४९ रुपयांवर आणला होता. कितीतरी रिचार्जांबरोबर एखादं ओटीटी येतंच, ते गिऱ्हाइकांपेक्षा तुम्हाला जास्त माहीत असेल. आणि कलाकाराला पैसा पोचावा ही तुमची खरी तळमळ असेल, तर मालवणच्या मामा वरेरकर नाट्यगृहात नाटक लागलं की तिकीट काढून जा. त्या रात्रीचा पैसा माणसांच्या हातात लवकर पडतो.

आता मामाचा प्रश्न. "माका काय गावला?" हा प्रश्न त्यांनी तुमच्या दुकानात बसून विचारला, तेव्हा त्यात तक्रार तुमच्याबद्दलही होती. त्यांच्यापुढे गप्प बसू नका. सरळ सांगा की तुमची नाटकं मी विकत होतो आणि आता बंद केली. मग पुढचं बोलता येईल.

दशावतार जत्रेत फुकटच पाहतात. देवळासमोर बसायला तिकीट नसतं, आणि तसंच असावं. पण ते फुकट कधीच नसतं. गाव वर्गणी काढतं, देवस्थान कंपनीला नाइट, म्हणजे एका रात्रीच्या प्रयोगाचे पैसे देतं, आणि ती रक्कम कंपनीच्या सामानाचा पेटारा उघडण्याआधी ठरलेली असते. सुरुवातीच्या आडदशावतारापासून पहाटेच्या दहीकाल्यापर्यंत संकासुर, गणपती, राजा, स्त्रीपार्टी, पखवाजवाला, पेटीवाला, सगळे त्या ठरलेल्या नाइटमधून जेवतात. पावसाळ्यात नाटकं बंद, मग शेती, मजुरी. या व्यवस्थेत मानधन कमी असेल, पण कोण देणार आणि किती देणार हे आधी ठरतं. मोबाइल आला आणि त्याच नाटकाचा दुसरा प्रेक्षक तयार झाला, मुंबईत, गोव्यात, आखातात. त्याच्या बाजूने मात्र कुणाशी काहीच ठरलेलं नाही. मामाचा सगळा तोटा तिथे आहे.

कायदा त्यांच्या बाजूने आहे, हे त्यांना सांगा. कॉपीराइट कायद्यात कलाकार म्हणजे कोण, हे लिहिलेलं आहे. नट, गायक, वादक, नर्तक, कसरतपटू, जादूगार, गारुडी, व्याख्यान देणारासुद्धा त्यात येतो. दशावतारी नट येतोच. प्रयोगाचं चित्रीकरण करण्याचा, त्याच्या प्रती काढण्याचा, तो लोकांपर्यंत पोचवण्याचा हक्क कलाकाराचा आहे, आणि तो प्रयोग झाला त्याच्या पुढच्या वर्षापासून ५० वर्षं टिकतो. नाटकाची गोष्ट महाभारतातली असली, संवाद लिहिलेले नसले, तरी फरक पडत नाही, कारण हा हक्क त्या रात्रीच्या सादरीकरणावर असतो. प्रेक्षकाने घरी पाहण्यापुरतं चित्रीकरण केलं तर कायद्याला हरकत नाही. ते चॅनलवर चढवलं की हक्क मोडला. तसंच प्रयोगाबरोबर आपलं नाव लागावं आणि प्रयोगाची मोडतोड होऊ नये, हाही कलाकाराचा हक्क आहे. संकासुराच्या विनोदाचे तुकडे तोडून, खाली भलतंच काही लिहून जे फिरवतात, त्यांनी हे वाचावं.

तरी गावातल्या ज्या पोरांनी नाटकं चढवली, त्यांच्यावर लगेच तक्रार ठोकू नका. यूट्यूबवर कॉपीराइटची तक्रार करता येते आणि ९० दिवसांत अशा तीन तक्रारी टिकल्या तर चॅनल बंद होऊ शकतं, हे हत्यार हाताशी असू द्या. पण त्यातल्या बहुतेक पोरांनी थंडीत रात्रभर कॅमेरा धरून उभं राहून हे प्रेमाने केलं आहे. त्यांच्यामुळे बाहेरच्या गावांना कंपनीचं नाव कळलं आणि नाइट वाढल्या, असंही झालं असेल. त्यांच्याशी बोला. मार्ग हा की कंपनीचं स्वतःचं चॅनल असावं आणि हीच पोरं ते सांभाळावीत. चॅनलला १००० सबस्क्रायबर आणि वर्षभरात ४००० तास पाहणं झालं की जाहिरातींत वाटा मिळतो, मोठ्या व्हिडिओवर तो ५५ टक्के असतो. रात्रभराच्या नाटकाला तास पुरे व्हायला वेळ लागत नाही. सिनेमाच्या चालीवरचं पद असेल तर मात्र संगीत कंपनीचा दावा येऊन त्या व्हिडिओचा पैसा तिकडे जाऊ शकतो, म्हणून जुन्या पारंपरिक चाली राखा. थेट प्रक्षेपण नकोच, असं माझं मत आहे. ज्या गावाने नाइटचे पैसे दिले, त्या गावाने आधी पाहावं. जत्रेचा हंगाम संपला की मग चढवा.

इथे मला सर्वांत जास्त काळजी वाटते ती वेगळ्याच गोष्टीची. चॅनल कंपनीच्या मालकाचं असणार, पैसे त्याच्या खात्यात येणार. त्यातून राजपार्ट करणाऱ्याला किती, पखवाजवाल्याला किती, पेटारा वाहणाऱ्याला किती? हे ठरलं नाही, तर आज जे बाहेरचं पोरगं करतं आहे तेच उद्या घरचा मालक करील, फक्त ते नातं जवळचं असल्याने मामाला बोलताही येणार नाही. सादरीकरणाचा हक्क प्रत्येक कलाकाराचा स्वतःचा आहे. सगळ्यांच्या वतीने मालकाला तो परस्पर देऊन टाकता येत नाही. आणि एक धोका लक्षात ठेवा. चित्रीकरणात सामील व्हायला एकदा लेखी संमती दिली आणि कागदात वेगळं काही ठरलेलं नसलं, की त्या चित्रीकरणावरचे बाकीचे हक्क कलाकाराकडे उरत नाहीत. नाव लागण्याचा, मोडतोड होऊ न देण्याचा आणि व्यापारी वापर झाला तर रॉयल्टीचा, एवढेच उरतात. म्हणून सही करताना वाटा किती आणि कधी मिळणार हे त्याच कागदावर आलं पाहिजे. तोंडी "बघूया मागाहून" चालणार नाही.

कागद मोठा नको, साध्या मराठीत एक पान पुरे. चित्रीकरण कोण करील, कुठल्या चॅनलवर जाईल, जत्रेनंतर किती दिवसांनी, खाली सगळ्या कलाकारांची नावं येतील, तुकडे करून फिरवायचे नाहीत, आलेल्या पैशाचे वाटे कसे आणि हिशेब कधी दाखवायचा. मालकाबरोबर प्रत्येक कलाकाराची सही. कुडाळ, सावंतवाडीला एखादा वकील हे पान नजरेखालून घालून देईल.

तुमच्या दुकानाचं नुकसान होईल, ते मी नाकारत नाही. महिन्याचा ठरलेला गल्ला कमी होणं सोपं नाही. पण तुमच्याकडे येणारे गिऱ्हाईक चोरीचं मागायला येत नाहीत, सोय मागायला येतात. ट्रॉलरवाल्यांना खोल समुद्रात रेंज नसते, म्हणून पेनड्राइव्ह. त्यांना रीतसर ॲपवर गाणी, सिनेमे आधी उतरवून कसे ठेवायचे ते शिकवा. स्पॉटिफायवर उतरवलेली गाणी महिन्यातून एकदा इंटरनेट लागलं की चालू राहतात. त्या मदतीचे पैसे घ्या, ते कष्टाचे आहेत. आणि कंपनीशी कागद झाला, तर दशावताराचे पेनड्राइव्ह तुम्हीच विका, कंपनीच्या नावाने, ठरलेला वाटा कंपनीला देऊन. चाकरमानी तेवढ्यासाठी थोडे जास्त देतील असं मला मनापासून वाटतं. आजवर विकलेल्या नाटकांचा हिशेब तुम्हाला लागणार नाही, पण अंदाजाने काही रक्कम काढून कंपनीत नेऊन द्या, एकट्या मामाच्या हातात नको. त्या नाटकांत बाकीचेही होते.

मालकाशी बोलणं आषाढ-श्रावणात करा. तेव्हा पुढच्या हंगामाची माणसं ठरत असतात, कोण राहणार आणि कोण दुसऱ्या कंपनीत जाणार हे चाललेलं असतं, आणि मालक ऐकण्याच्या मनःस्थितीत असतो. कार्तिकात जत्रा सुरू झाल्या की कुणालाच सवड नसते. मामाने एकट्याने जाऊ नये. पखवाजवाला आणि स्त्रीपार्टी करणारे नट यांना बरोबर घेऊन जावं, कारण एकट्या राजपार्टीला नाही म्हणणं सोपं असतं. मालकाने सही केलीच नाही, तर निदान नाइट ठरवताना चित्रीकरणाचे वेगळे पैसे मागावेत, आणि ते मिळेपर्यंत कॅमेरा लावू देऊ नये.